एक्केचाळीस बाप्तिस्मे

आई मंगळवारी पहाटे गेली. दुपारी बर्फाचं वादळ सुटलं आणि कझाकस्तानातल्या आमच्या गावाचा कारागांदा शहराकडचा रस्ता बंद झाला. गुरुवारी आमचे आताचे फादर दामियान तिकडून फोनवर म्हणाले, "लिडियाबाई, शनिवारच्या आत मला निघता येणार नाही. पुस्तक आहे ना घरात? दफनाच्या प्रार्थना तुम्हीच म्हणा. चालतं तसं."

"शनिवारपर्यंत थांबू आम्ही," मी म्हटलं.

शेजारच्या क्लेमेंटिना मावशी चुलीपाशी बसून ऐकत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, पण कान तिखट. "ती थांबेल गं. तिला कुठे जायचंय? पण माझा एगॉन कालपासून टायर जाळून जमीन मऊ करतोय. आज पुरलं नाही तर उद्या पुन्हा दगड. आणि तो धुरानं इतका काळा झालाय, की लोक आधी त्यालाच पुरतील."

बाकीच्या बायका हसल्या. आई पलीकडच्या थंड खोलीत होती.

"प्रार्थना दुसऱ्या कुणीतरी म्हणाव्यात," मी म्हटलं.

"दुसरं कोण? तिच्याशेजारी भांडं धरून कोण उभं राहायचं? आम्ही?"

बाप्तिस्म्याच्या पाण्याचं भांडं मीच धरत असे, दहाव्या वर्षापासून. सोव्हिएत राजवटीत आमच्या गावाला फादर नव्हते, त्या तीस-पस्तीस वर्षांत सगळं आईनं केलं. सकाळी ती सरकारी गोठ्यात गाई पिळायची. मग घरी पडदे ओढून पोरांना बाप्तिस्मा द्यायची, जपमाळ चालवायची, मरणाऱ्यांच्या उशाशी बसायची. ती नन नव्हती. शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या दाराला कडी अशी कधी लागली नाही. मी तापानं फणफणले होते तेव्हाही ती दुसऱ्याच कुणाच्या तरी आजोबांपाशी होती.

१९९२ साली फादर बोगुमिल आले. भला माणूस, नियमाचा पक्का. साध्या बाईनं दिलेला बाप्तिस्माही खरा धरतात, हे त्यांनीच सांगितलं. मात्र डोक्यावरून पाणी वाहिलेलं हवं, ओलं बोट टेकवून भागत नाही. आणि तसं पाहिलेल्या कुणीतरी सांगायला हवं. बहुतेक आया तोवर वारल्या होत्या, नाहीतर गावातल्या पुष्कळ जर्मन घरांसारख्या जर्मनीला निघून गेल्या होत्या. फादरांनी मला बोलावलं. मी एकोणचाळीस वर्षांची होते, शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला.

"पाणी वाहायचं का?" त्यांनी विचारलं.

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

मला नीट आठवत होतं. वाटलं, आता फादर आलेत, आता सगळं त्यांनी बघावं आणि आई माझ्या वाट्याला यावी. एवढंच होतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण त्यात सूडही होता.

पुढच्या रविवारी फादरांनी एक्केचाळीस जणांना पुन्हा बाप्तिस्मा दिला, "तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर" असं प्रत्येकाला म्हणून. त्यात ट्रक चालवणारे बाप्ये होते, एक गरोदर नर्स होती. आई टॉवेल घेऊन शेजारी उभी राहिली आणि एकेकाचं डोकं पुसत गेली. त्या दिवसापासून ती मागच्या बाकावर बसू लागली. कुणी बोलवायला आलं तर म्हणायची, "फादरांना विचारा." संध्याकाळी ती घरी असायची. आम्ही दोघी समोरासमोर बसून सूप प्यायचो आणि बोलायला काही नसायचं.

दुपारी तीनला आम्ही पेटी दफनभूमीत नेली. आमच्याकडे पेटी खाली सोडण्याआधी, प्रार्थना चालवणाऱ्यानं मेलेल्या माणसाच्या वतीनं सगळ्यांची क्षमा मागायची असते. मी पुस्तक उघडलं.

"ओटिलियानं तुमच्यापैकी कुणाचं काही वाईट केलं असेल," इथवर आले आणि पुस्तक खाली केलं.

"पाणी वाहायचं," मी म्हटलं. "धारेनं. तीन वेळा. मी फादरांना खोटं सांगितलं."

वारा पडलेला होता, सगळ्यांना ऐकू गेलं. एगॉन फावडं टेकून उभा राहिला. एक्केचाळीसांत तोही होता.

"ठाऊक आहे," क्लेमेंटिना मावशी म्हणाल्या. "हा तान्हा असताना याच्या कानात गेलं होतं. आठवडाभर कान वाहत होता गाढवाचा."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"निघाले होते की फादरांकडे. शालसुद्धा गुंडाळली होती. तुझ्या आईनं फाटकात अडवलं. म्हणाली, माझी पोर खोटी पडेल. त्यापेक्षा ओतू दे त्यांना पुन्हा, थोड्या पाण्यानं कुणी मरत नाही."

म्हणजे अठरा वर्षं ती सगळं जाणून मला सूप वाढत होती.

मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी शिवी दिली असती तरी चाललं असतं.

"लिडाताई," एगॉन हळू म्हणाला, "खड्ड्याच्या कडा गोठायला लागल्यात. आटपा."

मी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, शेवटपर्यंत. "देव क्षमा करो, आम्हीही केली," सगळे एका आवाजात म्हणाले. ते आईसाठी होतं. माझ्यासाठी त्या विधीत जागा नव्हती, आणि मी मागितलीही नाही. पुरुषांनी दोर सैल सोडले, पेटी खाली गेली. मी पुढची प्रार्थना सुरू केली.

"मोठ्यानं," क्लेमेंटिना मावशी मागून म्हणाल्या. "तिचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जायचा."