पेजेचे दिवस

चारकोपला राहायला जायचं ठरलं, तेव्हा लालबागच्या चाळीने मालनला वेड्यात काढलं. "अगं, तिथे दिवसाढवळ्या कोल्हे ओरडतात," शेजारची सुगंधा म्हणाली. कोल्ह्यांचं खोटं नव्हतं. पण त्या नव्या, अर्धवट गिलाव्याच्या घरात मालनला एकच गोष्ट दिसत होती: आतून कडी असलेला, आपल्या एकट्यांचा संडास.

तिचा नवरा जयवंत चाळीतला नावाजलेला खाणारा. बांगड्याचं तिखलं केलं की शेजारी हसत विचारायचे, "आमच्यापर्यंत काही पोचणार आहे का?" संपात गिरणी सुटली आणि पुढच्याच वर्षी त्याचं पोट बिघडलं. दिवसभर कळा आणि धावाधाव. डबा हातात घेऊन तो गॅलरीच्या टोकाला जायचा. सुरुवातीला रांगेतले लोक त्याला पुढे सोडत, मग सोडेनासे झाले, मग पोरं मागून हसू लागली. आतड्याचा टीबी समजून वर्षभर औषधं दिली, तरी अंगावरचे शर्ट ढगळ होतच गेले. शेवटी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि निराळंच नाव सांगितलं. क्रोन्स.

"म्हणजे काय, डॉक्टर?" मालनने विचारलं.

"शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं. का, ते आम्हालाही नीट ठाऊक नाही. मुळापासून जात नाही, पण ताब्यात ठेवता येतं. गोळ्या चुकवू नका."

सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीआधी ते चारकोपला आले. जयवंतला तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लास्टिकच्या कारखान्यात काम मिळालं. सगळीकडे वाळू, विटांचे ढीग, संध्याकाळी खाडीवरून येणारा खारट वारा. गोळ्यांनी कळा कमी झाल्या, पण काय खावं हे कुणी सांगेना. कुणीतरी बोरिवलीच्या मृणालिनीबाईंचं नाव सुचवलं. एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत त्या निसर्गोपचार करत. पांढरं सुती पातळ, पिकलेले केस आणि अगदी सावकाश बोलणं.

त्यांनी आधी गोळ्यांची नावं विचारली. "या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत. मी देईन ते यांच्या जोडीला, यांच्या जागी नाही. आता सांगा, जेवता कसे?"

"कसे म्हणजे? हाताने," जयवंत म्हणाला.

बाई हसल्या. "लहानपणी ताप आला की आई काय द्यायची?"

"पेज," जयवंत म्हणाला. "उकड्या तांदळाची. वर मिठाचो खडो. आवस फुंकर घालून देय." आणि एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज जरासा ओला झाला.

"मग तिथूनच सुरू करू."

पेजेपासून सुरुवात झाली. पुढे मऊ भात, उकडलेला दुधी, सालं काढून शिजवलेला लाल भोपळा, पातळ ताक. मिरची बंद, तळण बंद, दूध बंद. सकाळी मालन चाळलेली, भिजवलेली माती फडक्यात थापून त्याच्या पोटावर ठेवायची.

"माका जित्यापणीच मातीत घालतंस गो!" तो ओरडायचा.

"गप पडून रव."

मृणालिनीबाईंचा आणखी एक नियम होता. दिवे लागण्याआधी जेवायचं, घास चावून चावून पातळ करायचा, आणि जेवताना शेजारी कुणीतरी निवांत बसायचं. "घाईने गिळलेलं अन्न याचं पोट सोसत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसत जा ना."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण मालन कधी नवऱ्याबरोबर जेवली नव्हती. आधी तो, मग ती, उरलंसुरलं टोपातूनच. आता दोघं उंबऱ्याशी ताटल्या घेऊन बसू लागली. समोर खारफुटीमागे सूर्य उतरायचा. सावकाश चावता चावता तो गावच्या गजाली सांगायचा. नदीतले मासे, वडिलांचा मार, मुंबईला येताना बोटीत झालेली उलटी. तिलाही कधी कुणी न विचारलेलं सांगावंसं वाटायचं. पुढे घरात फ्रीज आला, टीव्ही आला, मुलं झाली. पण संसारातला सुखाचा काळ कोणता म्हणून मालनने आठवायचं म्हटलं, की तिला ते बिनमसाल्याचे दिवसच आठवत.

वर्षभरात जयवंतच्या अंगावर मांस चढलं. आणि तिथेच वाट लागली. बरं वाटतंय म्हणून त्याने गोळ्या हळूहळू टाळल्या. मालनने विचारलं तर "घेतली" म्हणायचा. एका रविवारी गिरणीतला जुना दोस्त बाळा त्याला मनोरीला घेऊन गेला. कुरकुरीत बोंबील, तिखट कालवण, नारळाच्या करवंट्यांवर भाजलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी. जयवंत पूर्वीसारखा जेवला. परतताना मार्वेच्या होडीतच तो पोट धरून वाकला. बाळाने त्याला तसाच रिक्षात घालून इस्पितळात नेलं आणि मग मालनला बोलवायला आला.

"वहिनी, मला ठाऊक नव्हतं गं. तो म्हणाला, आता सगळं चालतं."

आतडं अडलं होतं. ऑपरेशन करून आकसलेला तुकडा काढावा लागला. सर्जन म्हणाले की हे नुसत्या एका जेवणाचं नाही, आत बरेच दिवस सूज साचत होती. गोळ्या चालू असत्या तर कदाचित टळलं असतं.

मालन तडक बोरिवलीला गेली. "तुमच्या मातीवर विसंबला तो! गोळ्या सोडून बसला!"

मृणालिनीबाईंनी वाद घातला नाही. "सोडू नका, असं मी म्हणाले होते, मालन. पण प्रत्येक वेळी विचारायला हवं होतं. गाल वर आले बघून मीही खूश झाले." त्यांनी चपला घातल्या. "चल. कुठल्या वॉर्डात आहे?"

इस्पितळात त्या सर्जनसमोर शाळेतल्या मुलीसारख्या उभ्या राहिल्या. काय कधी चालेल, काय कधीच चालणार नाही, जखम भरेपर्यंत माती ठेवावी की नाही, सगळं विचारून घेतलं. सर्जनला आधी नवल वाटलं, मग तेही खुर्ची ओढून बसले. खाटेवरून जयवंत दोघांकडे बघत होता. मालनकडे मात्र त्याला बघवेना.

"रागावलंस?" त्याने हळूच विचारलं.

"खूप." तिने त्याचं पांघरूण सारखं केलं. "मनोरीक जावचा होता तर माका तरी नेवचा होतास."

तो हसला, आणि टाके दुखले म्हणून कण्हला.

त्यानंतर आजार अधूनमधून डोकं वर काढायचा, पण गोळी पुन्हा कधी चुकली नाही. इस्पितळ आणि बोरिवली दोन्ही चालू राहिलं. डॉक्टरांना विचारून मृणालिनीबाईंनी उकडलेला मासाही चालवून घेतला. त्या स्वतः शाकाहारी. सांगताना नाक मुरडायच्या, पण सांगायच्या.

चारकोपच्या घरात पहिल्यांदा गणपती आणला तेव्हा बाळा, सुगंधा, अर्धी चाळ आली. आता कोल्ह्यांचं कुणी बोलत नव्हतं. संडास मात्र प्रत्येकाने पाहून घेतला. पानावर मालनने जयवंतला एक उकडीचा मोदक वाढला, एकच. त्याने कळीकडून तोडला आणि चावायला लागला. एक घास. मग दुसरा. सगळी पंगत हात आखडून त्याच्याकडे बघत राहिली.

"माझ्या तोंडाकडे काय बगतात?" तो ओरडला. "जेवा गप!"

आणि पंगत जेवायला लागली.