हप्ता की मुदत

“जादा पैसे भरले की हप्ता कमी करायचा की मुदत, काका?” नव्या बँकेतल्या नीरजा मॅडमनी विचारलं.

“मुदत,” कडूबा म्हणाला. अकरा वर्षं तो हेच उत्तर देत आला होता, त्यामुळे विचार करायचीही गरज पडली नाही.

शेजारच्या खुर्चीत त्याची बायको मंजुळाबाई मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. घर दोघांच्या नावावर, म्हणून कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायला तिचीही सही लागत होती. त्यासाठी ती पहाटेच्या एसटीनं गावाकडून, पिशोरहून आली होती.

कडूबा वाळूजच्या कारखान्यात मशीन चालवायचा. बजाजनगरात त्यानं दोन खोल्यांचं घर घेतलं, पण बापाचा शब्द डोक्यात पक्का बसलेला, की कर्जाच्या घरात देव बसवायचे नाहीत. त्यांचे देव म्हणजे खंडोबा-बिरोबाचे चांदीचे टाक. ते पिशोरलाच राहिले. देव तिथे, म्हणून दिवा लावायला मंजुळाबाई तिथे आणि तिची मेंढरंही तिथेच. इकडे कडूबा एकटाच भाकरी थापायचा आणि ओव्हरटाइमचा पैसा हप्त्याच्या वर भरायचा. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. यंदाच्या दुष्काळात जिल्ह्यातली सगळी तळी आटली, एक याचंच काय ते साचत होतं. स्वयंपाकघरात देवांसाठी केलेल्या कोनाड्यात तो जेवणाचा डबा ठेवायचा.

चार बँकांचे उंबरे झिजवून त्यानं हा दर शोधला होता. साडेअकराचं व्याज साडेनऊवर येत होतं. राहिलेल्या नऊ वर्षांची आठ होत होती.

मंजुळाबाईनं सही केली आणि कमरेची पिशवी सोडून नोटा टेबलावर ठेवल्या.

“चाळीस मेंढरं इकली,” ती म्हणाली. “चारा नाय, पानी नाय. कवर जगवायची?”

“समदी?”

“समदी.”

कडूबाला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तोंडून निघालं ते वेगळंच. “किती आले?”

“एक लाख वीस हजार.”

मॅडमनी हिशोब केला. “कर्ज इकडे आलं की हे भरून टाका. सहाच वर्षं राहतात मग.”

सहा वर्षांनीच कडूबा निवृत्त होणार होता. त्याचा चेहरा उजळला. “ऐकलं का? सहा वर्षं. मंग देवाला अन् तुला वाजतगाजत आनतो.”

“व्हय,” ती म्हणाली.

स्टँडकडे जाताना रिक्षात ती म्हणाली, “मेंढरं गेल्यापून तिकडं लई सुनं वाटतंय.”

“इकडं तरी काय हाय? टँकर येतो तिसऱ्या दिवशी.”

तिनं मांडीवरचं गाठोडं सावरून धरलं.

बसमध्ये तिला खिडकी मिळाली. गाठोडं खालून वर देताना आत काहीतरी किणकिणलं.

“काय हाय गं यात?”

“देव हायती.”

“संगं कशाला आनले?”

“मागं दिवा लावाया कोन हाय? अन् म्हनलं, तुमी राहा म्हनलात तर पुन्यांदा हेलपाटा नको.”

कंडक्टरनं घंटी मारली. कडूबा खिडकीचा गज धरून चार पावलं चालला, मग गज हातातून सुटला. थांब म्हणायचं त्याला सुचलं तेव्हा बस फाटकाबाहेर वळली होती.

घरी येऊन त्यानं कोनाड्यातला डबा काढला. टँकरच्या पाण्यातलं तांब्याभर घेऊन कोनाडा घासूनपुसून लख्ख केला. मग डबा ठेवायला दुसरी जागा शोधत तो बराच वेळ घरात हिंडत राहिला. दोन्ही खोल्यांत जागाच जागा होती.