मोकळी जागा

वसमतला हळदीच्या गोदामांमागं जी वस्ती आहे, तिच्या मधोमध एक मोकळी जागा होती. मोकळी कसली, उकिरडा, चिखल आणि डुकरं. बारा वर्षं अर्ज करून करून ती एकदाची वस्ती सुधार योजनेत बसली. संडास, गटार आणि बगीचा मंजूर झाला. अर्जावर सगळ्यात जास्त अंगठे जमवले ते सत्यभामाबाईंनी. गुडघे धरून घरोघर हिंडल्या. सून सुकन्या महिला समितीची अध्यक्ष. लिहायचं काम तिचं, माणसं वळवायचं सासूचं.

मोजणीला साहेब आले, तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, की इथं कुणाचं देवस्थान, समाधी, पुरलेलं माणूस आहे का. असेल तर आत्ताच सांगा, मग इथं काम होणार नाही. सगळ्यांनी सत्यभामाबाईंकडं पाहिलं. वस्तीत सगळ्यात जुनं माणूस तेच.

"न्हाई साहेब," त्या म्हणाल्या. "मोकळीच हाय."

चक्क खोटं बोलल्या. तीस वर्षांमागं इथं नुसता माळ होता. सिद्धेश्वर धरणाकडून मेंढरं घेऊन त्या आणि नवरा रामकिशन इथं उतरले होते, आणि अकरा दिवसांची पोरगी तापानं गेली. रामकिशननं माळावरच्या एकुलत्या बाभळीपासून सात पावलांवर खड्डा केला, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर काट्या टाकल्या. कळप पुढं न्यायचा होता, पण बाई तिथून हलेनात. शेवटी मेंढरं विकली, पाल ठोकलं, आणि त्या पालाभोवती हळूहळू ही वस्ती झाली. बारसं न झालेल्या लेकराला त्यांच्यात दगड उभा करत नाहीत, त्याचा विषयही काढत नाहीत. फक्त दर अक्षय तृतीयेला, लोक पितरांना पाणी देत तेव्हा, बाई गुपचूप तिथं तांब्याभर पाणी ओतत. पाणी जिरलं की त्यांना बरं वाटे. रामकिशन गेल्यावर हे जाणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

खोटं बोलल्याचं त्यांना फारसं वाईटही वाटलं नाही. मेंढरांमागं जन्म काढलेली बाई ती. बगीचा म्हणजे माती, हे तिला कुणी सांगायला लागतंय होय? झाड लागेल, गवत येईल, पोरगी सावलीत येईल.

अहो, कसली माती आणि कसलं गवत! मार्चच्या आत उरकायचं म्हणून मशीननं बाभूळ उपटली, जागा सपाट केली, आणि लाल-पिवळ्या फरशीच्या ठोकळ्यांच्या गाड्या आल्या. सत्यभामाबाईंनी बाभळीच्या खड्ड्यापासून सात पावलं मोजली आणि फतकल मारून बसल्या. मुकादम मावशी मावशी करून थकला. सात महिन्यांची पोटुशी सुकन्या धापा टाकत आली. चार माणसांत तिची मान खाली गेली होती.

"आत्याबाई, तुमीच अंगठे जमवले. आता काहून अडवून राहिल्या?"

बाईंच्या ओठावर आलं होतं. पण सांगितलं तर काम थांबणार, निधी परत जाणार, आणि ही पोर भरल्या पोटानं पुन्हा गोदामाच्या भिंतीआड जाऊन बसणार. त्या उठल्या. पाय दुखत होते म्हणून टेकले, एवढंच म्हणाल्या.

उद्घाटनाला साहेब अभिमानानं बोलले, की उतार असा काढलाय, पाण्याचा थेंब इथं थांबणार नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या.

अक्षय तृतीयेला त्या तांब्या घेऊन गेल्या. बाभळीचा खड्डाही बुजलेला, पावलं मोजायची कुठून? अंदाजानं वाकल्या आणि पाणी ओतलं. फटीसुद्धा सिमेंटनं भरलेल्या. पाणी पसरलं आणि उताराला लागलं. बाई दोन्ही हातांनी ते अडवू लागल्या. तेवढ्यात संडासाकडून येणाऱ्या सुकन्यानं पाहिलं आणि विचारलं, हे काय करून राहिल्या.

"लेकीला पाणी देऊन राहिले," बाई म्हणाल्या. "तुझी नणंद. इथंच हाय ती."

 सुकन्या नऊ महिन्यांचं पोट सांभाळत खाली बसली आणि तिनंही तळहात आडवे लावले. पाणी दोघींच्या बोटांमधून निसटलं आणि नव्या गटारात जाऊन पडलं.