पुनवेची सहाची भरती

मंगळवारी सकाळी नऊ वाजता रेवदंड्याच्या प्राप्तीचा लेख संकेतस्थळावर चढला आणि साडेनऊपर्यंत त्याखाली पावणेदोनशे शिव्या जमल्या.

लेखात 'अग्निमुकुट' या जादूगार-राक्षसांच्या व्हिडिओ गेमच्या दोन एक्स्पान्शनची तुलना होती. मूळ खेळाला आधी 'गोठलेला घाट' हा नवा मुलूख जोडला गेला होता, यंदा 'खाडीचं राज्य'. खाडीला सगळ्यांनीच डोक्यावर घेतलं होतं. प्राप्तीनं घाटाला नऊ गुण दिले, खाडीला सहा.

पुण्याहून संकेतस्थळ चालवणाऱ्या सलिलनं सोमवारीच फोन केला होता. "इतका देखणा समुद्र, आणि कोळ्याची पोर त्यालाच कमी गुण देते?"

"कोळ्याची पोर आहे म्हणूनच देते."

चूक तिच्या बापानं पकडली होती. ती खेळत असताना अनंता शेजारी जाळं विणत बसायचा. पडद्यावर संध्याकाळ झाली, डोक्यावर अर्धा चंद्र, खाडी तुडुंब, तीत तिच्या राजाचं जहाज.

"अष्टमी धर," तो म्हणाला. "तिथीची पाऊणपट कर. आठाचे सहा. सहाला भरती. खेळ करनारी शिकलेली मानसं हायेत!"

खेळातल्या दुसऱ्या दिवशीही भरती सहालाच आली. "नवमीला पावणेसात पायजे," अनंता पुटपुटला. चंद्र वाढत वाढत पूर्ण झाला, भरती सहालाच. मग मात्र त्यानं जाळं बाजूला टाकलं.

"अगो, पुनवेला सहाच्या सुमाराला खाडीच्या तोंडाशी रेती उघडी पडते. तुजा राजा जहाज काय डोक्यावर घेऊन चाल्लाय?"

प्राप्तीनं बापाच्या शब्दावरही काही सोडलं नाही. खेळातले तीस दिवस काढले, रोजची तिथी आणि भरतीची वेळ तक्त्यात लिहिली. तीसही दिवस सहाच. घाटात मात्र बर्फावर उठलेलं पाऊल पुढचा बर्फ पडेपर्यंत तसंच राहत होतं. तिनं लिहिलं: घाट स्वतःचे नियम पाळतो, खाडी पाळत नाही.

"छापतो," सलिल म्हणाला होता. "पण खेळ बनवणाऱ्या परदेशी कंपनीनं तुलाच खोटं पाडलं, तर यापुढची परीक्षणं दुसऱ्याकडे जातील."

दोन वर्षं धडपडून मिळवलेलं काम होतं. "चालेल. तक्ताही छाप," ती म्हणाली.

शिव्यांमध्ये एक प्रश्न बरा होता: ड्रॅगन उडालेला चालतो, मग भरतीनं काय घोडं मारलंय? तिनं उत्तर टाकलं, "ड्रॅगन तुमचा, कसाही उडवा. पण चंद्र कलेकलेनं वाढवून दाखवलात, तर पाण्यानं त्याचं ऐकायला हवं."

अनंतानं लेख दोनदा वाचून घेतला. "माजं नाव हाय ना त्यात?"

"हाय तर. छत्तीस वर्षं होडी चालवतो, तेही हाय."

तो सदरा बदलून बंदरावर गेला. दुपारपर्यंत मासे सुकवणाऱ्या बायकांनाही कळलं की अनंतानं परदेशातली भरती पकडली.

बुधवारी चार वाजून वीस मिनिटांनी कंपनीचं पत्र आलं. तपासणी सुरू आहे, मोजणीची पद्धत कळवा, तोवर गुण मागे घेतल्यास बरं.

प्राप्तीनं पाऊणपटीचा हिशेब उलगडून लिहिला, खाली बापाचं पूर्ण नाव घातलं. गुण मागे घेतले नाहीत.

गुरुवारी दुपारी एकपर्यंत कंपनीचं दुसरं पत्र आलेलं नव्हतं. सलिलनं पुढच्या महिन्याच्या परीक्षणांची यादी सगळ्यांना पाठवली होती. तिच्यात प्राप्तीचं नाव नव्हतं, पण एका खेळापुढची जागा कोरी ठेवली होती.