मुंगी चावली होती

बायको गेल्याचं मला कळलं तेव्हा मी एमआरआयच्या दाराबाहेर हॉस्पिटलचा झगा घालून उभा होतो. त्या झग्याचे बंद मागे असतात. ते बांधायचं काम तिचं, आणि ती माझ्याशी भांडून कॅन्टीनमध्ये चहाला गेली होती. म्हणून मी भिंतीला पाठ लावून उभा होतो.

भांडण नेहमीचंच होतं. टेक्निशियननं विचारलं होतं, "काका, अंगात कुठे धातू? पट्टी, स्क्रू? आत मोठं चुंबक आहे."

"टाचेत सुई आहे," मी म्हणालो.

"काही नाही हो," ती म्हणाली. "मुंगी चावली होती."

हे आमची मुलगी पाळण्यात होती तेव्हापासूनचं. ही स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा शिवत होती. मी अनवाणी आत आलो, टाचेत कळ गेली, ओरडलो. त्याच वेळी तिची सुई नाहीशी झाली. माझ्या मते यात न समजण्यासारखं काही नव्हतं. तिच्या मते तिच्या हातून सुई खाली पडणं शक्यच नव्हतं. तिनं माझी टाच दिव्याखाली धरून उलटसुलट पाहिली. थोडं लाल झालं होतं, बाकी काही नाही. "मुंगी," ती म्हणाली, आणि झोपाळलेल्या मुलीलाही सांगितलं, "बाबांना मुंगी चावली." दुसऱ्या दिवशी सगळ्या नातेवाइकांना कळलं.

सुई मीच कुठेतरी घालवली, असा तिचा वहीम. "ती सुई हातात आल्याशिवाय या पडद्याला टाका घालणार नाही," असं तिनं जाहीर केलं. खालची दुमड तेवढी उरली होती. तिथे तिनं टाचण्या लावल्या. आम्ही घरं बदलली, पडदा टाचण्यांसकट बरोबर आला.

टेक्निशियन एकदा माझ्याकडे बघे, एकदा तिच्याकडे. "धातू आहे लिहू की नाही?"

"आहे."

"नाही."

"मग आधी टाचेचा एक्स-रे काढू. चुंबकानं सुई ओढली तर पंचाईत."

"काढा की!" ती म्हणाली. "सुई निघाली तर घरी गेल्या गेल्या पडदा पुरा करते. नाही निघाली तर यांनी चारचौघांत म्हणायचं, मुंगी होती." आणि पदर खोचून चहाला गेली.

चहाच्या रांगेतच ती पडली. पुढच्या बाईंना तिनं आधीच सांगून ठेवलं होतं की नवरा एमआरआयला आलाय आणि तिथेही सुईवरून हुज्जत घालतोय. त्यामुळे फोन कुठे करायचा ते लोकांना कळलं. टेक्निशियन बाहेर आला. "काका, जरा बसा."

"बसलं की पाठ दुखते, म्हणून तर आलोय," मी म्हणालो. मग त्याचं तोंड पाहिलं आणि बसलो. नंतर झगा मागून मुठीत धरून जिना उतरलो. माणसं बाजूला होत होती. हसलं कोणी नाही.

एक्स-रे राहिला, एमआरआय राहिला. काही महिन्यांनी पाठ अंथरुणातून उठू देईना, तेव्हा पुन्हा गेलो. मुलगी परगावी, म्हणून बरोबर मेहुणी आली. मेहुणी म्हणजे हिची धाकटी बहीण. ताईची बाजू घेण्याचं काम तिच्याकडे लहानपणापासून आहे, आणि ताई गेली म्हणून तिनं ते सोडलेलं नाही.

टेक्निशियन तोच होता. त्यानं या वेळी धातूचं विचारलंच नाही. सरळ टाचेचा फोटो काढला. थोड्या वेळानं हाक मारली, "काका, इकडे या."

मॉनिटरवर माझ्या टाचेचं हाड होतं आणि हाडाखाली एक पांढरी बारीक रेघ. एका बाजूला टोक, दुसऱ्या बाजूला नेढं. नेढ्याचं भोकसुद्धा दिसत होतं.

"बघ!" म्हणून मी मागे वळलो. मागे मेहुणी होती.

तिनं चष्मा पुसला, पुन्हा लावला. "ही ताईची नसेल."

"मग कोणाची?"

"तुम्ही काय कमी हिंडलात अनवाणी? कोणाचीही असेल."

"घर तिचं, टाच माझी, आणि सुई परक्याची?"

"फोटोंची अदलाबदल झाली असेल."

"मावशी," टेक्निशियन म्हणाला, "सकाळपासून टाच ही एकच आलीय."

मी जिंकलो होतो. लग्नानंतर प्रथमच. पण हे जिला ऐकवायचं ती नव्हती, आणि मेहुणी काही हार मानणारी नव्हती.

डॉक्टरबाई आल्या. म्हणाल्या, "आधी ही काढू, मग एमआरआय."

"राहू द्या," मी म्हणालो. "एवढी वर्षं आहे. तिच्या हातची वस्तू आहे."

"काढा हो डॉक्टर," मेहुणी म्हणाली. "कोणाची आहे ते तरी कळेल."

हे मला पटलं. नुसत्या फोटोवर ती मानली नसती.

मला टेबलावर पालथं झोपवलं. बाईंनी शिशाचा जड एप्रन चढवला. वर एक्स-रेचं यंत्र, समोर मॉनिटर, त्यावर माझी टाच हलत्या चित्रासारखी. "आता बधिर करायचं इंजेक्शन देते," बाई म्हणाल्या. "घाबरू नका, मुंगी चावल्यासारखं वाटेल."

"डॉक्टर, काहीही म्हणा, पण मुंगी म्हणू नका."

काचेपलीकडे टेक्निशियन तोंडावर हात धरून वळला. बाईंना काही कळलं नाही. सुई नेमकी कुठे ते ठरवायला त्यांनी दोन सुया खुपसल्या, एक आडवी, एक उभी. काट्यानं काटा काढतात, तसंच. मग बारीक चीर, चिमटा, आणि ट्रेमध्ये 'टिंग' वाजलं. काळीठिक्कर पडली होती, पण अख्खी.

मेहुणीनं ती बराच वेळ पाहिली.

"लांब नेढ्याची," ती म्हणाली. "आईनं दोघींना एकाच पुडीतल्या दिल्या होत्या. माझ्याकडे अजून आहे." मग नाक ओढलं. "पण तिच्या हातून पडली नसेल. तुम्हीच धक्का दिला असणार."

मग एमआरआय झाला. आत एवढा खडखडाट होता की बाहेर काय बोलणं चाललंय ते ऐकू येत नव्हतं. मेहुणी बोलत होती एवढं नक्की. पाठीला ऑपरेशन लागणार नाही, व्यायाम करायचा आहे.

घरी आल्यावर मेहुणी खिडकीशी गेली आणि टाचण्या काढायला लागली. "आणा दोरा. आत्ता शिवून टाकते."

"राहू दे," मी म्हणालो. "शब्द तिनं दिला होता."

तिनं काढलेल्या टाचण्या एकेक करून परत लावल्या.

सुई एका छोट्या बाटलीत त्याच खिडकीत ठेवली आहे. पडद्याची खालची दुमड शिवायची राहिली आहे.