कोटावरची बुरशी

वडील गेल्यावर त्यांची खोली आवरायला दोघंच आली. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी ताई आणि शिंपीकाम करणारा तिचा धाकटा भाऊ, बारक्या. बारक्याचे डोळे रडून सुजले होते. ताईच्या डोळ्यांतून अजून टिपूस आलं नव्हतं. लोक म्हणत, बाई खंबीर आहे. खंबीर कसली! पायाला मुंग्या येऊन तो बधिर व्हावा, तशी ती सगळीच बधिर झाली होती.

ओल धरलेल्या भिंतीजवळचं कपाट उघडलं, तर वडिलांचा काळा लोकरी कोट हिरवट भुकटीनं माखलेला.

"किती धूळ बसलीय!" बारक्या तो झटकायला निघाला.

"अरे थांब! घरभर उडेल. बुरशी आहे ती."

"मला तर धूळच दिसतेय."

ताईच्या तोंडून वर्गातलं बोलणं सवयीनं बाहेर पडलं. "यातला कण न् कण बीजाणू आहे. बुरशीच्या धाग्याच्या टोकाला धरतात, तुटून उडतात. नर नको, मादी नको. कोनिडिया म्हणतात त्यांना."

"म्हणजे काय?"

"ग्रीक शब्दावरून आलाय. कोनिस म्हणजे..." ती अडखळली. "धूळ. कोनिडियम म्हणजे बारीकशी धूळ."

"मग मी काय निराळं सांगत होतो?" बारक्या हसत सुटला आणि हसता हसता कोट छातीशी धरून हुंदके देऊ लागला. इथं आपण हसायला हवं, निदान रडायला तरी, हे ताईला कळत होतं. तिनं फक्त कोट त्याच्या हातून सोडवला. "शर्ट खराब होईल तुझा."

नाकाला फडकी बांधून दोघं गच्चीवर गेली. दोन खांदे दोघांनी धरून कोट झटकला. हिरवा धुरळा वाऱ्यावर निघून गेला.

"ताई, तुला काहीच वाटत नाही का गं?"

"वाटेल रे. अजून पोचलं नाहीये."

कॉलर उलटून बारक्यानं आतले वाकडेतिकडे टाके दाखवले. "माझे आहेत. शिकत होतो तेव्हाचे. बाबांनी उसवले नाहीत कधी."

ताईनं त्यावरून बोट फिरवलं. बोटाला दोरा लागला, एवढंच.

"ऊन खाऊ दे त्याला जरा," ती म्हणाली. कोट कठड्यावर पसरून दोघं शेजारी बसून राहिली.