छतातले दिवे

सरोजच्या डोळ्यांसाठी म्हणून त्र्यंबकने नव्या घराच्या छतात दिवे लपवायचं ठरवलं, तेव्हा तिला आधी बरंच वाटलं होतं.

लहानपणी तिला देवी आल्या होत्या. जीव वाचला, दृष्टीही वाचली, पण उजव्या बुबुळावर पांढरी टिकली राहिली. उघडा दिवा समोर आला की डोळा झोंबून पाण्याने भरायचा. ठाण्याला नौपाड्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत मधोमध वायरीला दिवा लोंबत असे. सरोज त्याच्याकडे पाठ करून बसायची, पाठ करूनच जेवायची. आल्यागेल्याला वाटायचं, बाई कशावरून तरी फुगली आहे.

त्र्यंबक फोर्टातल्या एका आर्किटेक्टच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होता. दुसऱ्यांचे बंगले आखण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. एका गिरणीवाल्या शेठच्या दिवाणखान्यासाठी त्याने छतातले दिवे आखले होते. छतात खोबणी, खोबणीत दिवा, खाली दुधी काच. उजेड दिसेल, दिवा दिसणार नाही. बंगला झाला, मोठा समारंभ झाला, पण ड्राफ्ट्समनला कोण बोलावतो? हा कचेरीतून घरी येताना वाट वाकडी करून गेला आणि फाटकाबाहेरून खिडक्यांमधला उजेड बघून परत आला. सरोजला हे त्याने एकदाच सांगितलं होतं, तेही हसत हसत.

आता डोंबिवलीत, मानपाड्याच्या रस्त्याला लागून घेतलेल्या तुकड्यावर त्याचं स्वतःचं घर उठत होतं. भिंती छतापर्यंत आल्या होत्या. स्लॅब भरायच्या आधी पत्र्याच्या पेट्या जागेवर बसवल्या, तरच त्यांच्या खोबणी राहणार होत्या. एकदा काँक्रीट पडलं की संपलं. म्हणून रोज संध्याकाळी तो पलंगावर नकाशा पसरायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा. सहा पेट्या. सहाही बाहेरच्या खोलीत. चार कोपऱ्यांना चार आणि मधे दोन.

"आणि स्वयंपाकघरात?" सरोजने विचारलं होतं.

"तिथे भिंतीला एक होल्डर दिलाय की. ओट्याच्या बाजूला."

"म्हणजे बरोबर माझ्या डोळ्यांसमोर."

"अगं, स्वयंपाकघरात कोण बघायला येतंय?"

"मी असते तिथे."

"हो गं, बघू," असं म्हणून त्याने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. ते 'बघू' पुढे कधी आलंच नाही.

स्लॅबचं काम कल्याणच्या पोपटराव कंत्राटदाराकडे होतं. त्याला हे प्रकरण पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. "साहेब, स्लॅब म्हणजे काय चाळण आहे होय? एवढी भोकं पाडायची, वर पावसाचं पाणी बसायचं. गळाला तर मला बोलू नका," असं तो जाता-येता ऐकवायचा. मग त्र्यंबकने पेट्यांच्या जागी वरून जाडी वाढवायची ठरवली आणि त्यासाठी नवा नकाशा काढला. कल्याणच्या पत्रेवाल्याने पेट्या केल्या त्या इतक्या खोल, की स्लॅबच्या वर टोपीसारख्या दिसल्या असत्या. त्या परत गेल्या. दुसऱ्या आल्या त्या इतक्या उथळ, की आत दिवा आडवासुद्धा मावेना. त्याही परत. तोवर परमिटवर मिळवलेलं सिमेंट पोत्यात घट्ट होऊ लागलं, स्लॅबखालच्या सेंट्रिंगच्या फळ्या उन्हात वाकल्या आणि वास्तुशांतीचा मुहूर्त पुढे गेला.

घरमालकाने खोल्या रिकाम्या करायचा तगादा लावला होता. सासूबाई, म्हणजे माई, कोणी विचारलं की सांगायच्या, "काय करणार? सूनबाईंच्या डोळ्यांपायी घर अडलंय." त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. मुलाने त्यांना जे सांगितलं तेच त्या पुढे सांगत होत्या. पण भाजीवाली विचारू लागली, शेजारच्या नीलाताई विचारू लागल्या, "काय गं, तुला म्हणे साधा दिवा चालत नाही?" सरोजच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपण मागितलं नाही, आपल्याला मिळणार नाही, आणि बोल मात्र आपल्याला! एकदा तिने त्र्यंबकला तसं म्हटलंही. तो नकाशावरून मान वर न करता म्हणाला, "लोकांचं काय मनावर घेतेस?"

अखेर पेट्या मनासारख्या आल्या आणि स्लॅबचा दिवस ठरला. नेमकं त्याच सकाळी साहेबांनी त्याला कचेरीत बोलावलं. "दुपारच्या आत येतो. तू पुढे जाऊन नारळ फोडून घे. पोपटरावांना म्हणावं, मी आल्याशिवाय हात लावू नका," असं सांगून तो गेला. जाताना सवयीने नकाशा पिशवीत घालून घेऊन गेला.

सरोज डोंबिवलीला पोचली, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. ऊन चढू लागलं. दुपार झाली, दुपार कलली, तरी त्र्यंबकचा पत्ता नव्हता. पोपटराव रस्त्याकडे बघत विडी ओढत होता. शेवटी त्याचा धीर सुटला. गडी दिवसभराच्या बोलीवर आलेले, उद्या त्यांना दुसरीकडे जायचं. त्याने माल कालवायला सांगितला.

"अहो, हे यायचेत अजून," सरोज म्हणाली.

"वहिनी, कालवलेला माल साहेबांची वाट बघत नसतो. तासाभरात दगड होईल. बोला, पेट्या टाकायच्या का तशाच ठेवायच्या? आणि टाकायच्या तर कुठं?"

कुठं, ते सरोजला तोंडपाठ होतं. तो नकाशा इतक्या संध्याकाळी तिच्या उशाशी पसरलेला असायचा की डोळे मिटूनही तिने चार कोपरे दाखवले असते. ती पदर खोचून शिडीवर चढली. फळ्यांवर सळयांची जाळी बांधलेली होती, खाली भिंतींच्या चौकटी दिसत होत्या. ही बाहेरची खोली, हे माजघर, हे स्वयंपाकघर. पोपटराव पेट्यांचं पोतं घेऊन तिच्यामागे उभा राहिला.

"इथं ना?" बाहेरच्या खोलीवर उभं राहून त्याने विचारलं.

सरोज म्हणाली, "नाही. पुढे चला."

स्वयंपाकघरावर आल्यावर ती थांबली. "चार इथे. एक माजघरात, माईंची कॉट येईल तिथे. एक न्हाणीच्या वाटेवर."

"आणि हॉलला?"

"हॉलला नकोत."

"नक्की, वहिनी? मागनं माझ्यावर येईल हां."

"येऊ द्या माझ्यावर. नाहीतरी सगळं माझ्याच नावावर चाललंय."

वायरमनने कुरकुरत पाइप वळवले; ओट्याजवळच्या होल्डरची वायर बाहेरच्या खोलीकडे गेली. घमेली हातोहात वर येऊ लागली. पहिलं काँक्रीट पेटीच्या कडेला पडलं. अजून सांगता येईल, अजून उचलता येतील, असं मनात येत राहिलं. पण ती शिडीकडे वळली. उतरून खाली वाळूच्या ढिगाशी जाऊन उभी राहिली.

त्र्यंबक कचेरीतून सुटून आला तेव्हा गडी हातपाय धूत होते. तो धावतच शिडी चढला. वर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आला. मग तो उतरला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा ओढलेला होता.

"बाहेरच्या खोलीत एकही नाही?"

"नाही."

"पोपटरावांनी केलं?"

"मी सांगितलं."

"सरोज, किती दिवस मी..."

"माझ्या डोळ्यांसाठी होते ना ते? माझे डोळे दिवसभर स्वयंपाकघरात असतात."

तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो नुसता वाळूवर बसला, पिशवीतून नकाशा काढला, उलगडला आणि पुन्हा घडी घातली. गिरणीवाल्याच्या फाटकाबाहेर हा असाच उभा राहिला असेल, असं तिला वाटून गेलं. तिचा राग मात्र तेवढ्याने गेला नाही. दोन्ही एकदमच मनात राहिलं आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला.

पुढे घर होईपर्यंत दोघं कामापुरतं बोलत. गिलावा झाला, फरशी बसली, वास्तुशांत झाली. आलेले पाहुणे बाहेरच्या खोलीत वायरीला लोंबणारा दिवा बघत आणि आत जाऊन छतातल्या दुधी काचा बघत. "असं उलटं कसं हो केलंत?" कोणीतरी विचारलं. त्र्यंबक "तसंच ठरलं होतं" एवढंच बोलला आणि ताटं वाढायला आत निघून गेला. माईंना मात्र आपल्या कॉटवरचा दिवा फार आवडला. त्या प्रत्येकीला हाताला धरून दाखवायला नेत.

विजेचं कनेक्शन मिळालं त्या संध्याकाळी सरोजने स्वयंपाकघरातलं बटण दाबलं. उजेड वरून पसरला, शांत, दुधाळ. तिने मान वर करून सरळ छताकडे पाहिलं. डोळा झोंबला नाही. असं दिव्याकडे तोंड करून ती कित्येक वर्षांत उभी राहिली नव्हती. मग ती ओट्याकडे वळली, विळीऐवजी हौसेने आणलेली नवी सुरी घेतली, कांदा पुढ्यात ओढला आणि थबकली. कांद्यावर तिचीच सावली पडली होती. ती डावीकडे सरकली, सावली सरकली. उजवीकडे सरकली, तीही आली. ओटा भिंतीशी होता, दिवे खोलीच्या मधे, आणि ती दोघांच्या बरोबर मधोमध. कढईत तेल किती आहे तेसुद्धा दिसेना.

तिने सुरी आपटली. रडूच यायचं बाकी होतं.

आवाज ऐकून त्र्यंबक दारात आला. एका नजरेत त्याला कळलं. "उजेड पाठीमागून येतोय," तो म्हणाला. "पेट्या हातभर पुढे, ओट्याच्या वर हव्या होत्या. मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं."

"आणि मी विचारलं होतं तेव्हा?"

'कोण बघायला येतंय' हे त्याला आठवलं की नाही, देव जाणे. त्याने वर पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, मग फडताळातून कंदील काढून पेटवला.

"हे आता काय?" सरोज वैतागून म्हणाली.

"तू कांदा चीर. मी फिरवतो. जिथे सावली पडणार नाही तिथे भिंतीतून एक दिवा काढू."

"भिंत फोडून? अजून रंगसुद्धा लागला नाही तिला."

"रंग लागला नाही तोवरच फोडायची."

त्याने डावीकडे, खिडकीजवळ कंदील धरला. "झोंबतंय," ती म्हणाली. त्याने पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरला. "आता दिसतंय, पण पुठ्ठ्याची सावली येतेय." त्याने कंदील खाली घेतला. "नको, डोळ्यांत जातोय. वर घ्या. अजून. अहो, इतका नाही!" त्याचा हात भरून आला, पुठ्ठा तापला, कांदा चिरून संपला. बरोबर जागा काही सापडेना. माई आतून विचारत होत्या, जेवायला आज उशीर का म्हणून.

"दुसरा कांदा घे," त्र्यंबक म्हणाला.

सरोजने टोपलीत हात घातला. "आणि या वेळी," ती म्हणाली, "पेन्सिल मी धरणार."